टाळ्या वाजवण्याआधी

आपल्याकडे शाळेत बोलायला शिकवतात, ऐकायला शिकवत नाहीत. 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रमैत्रिणींनो' ही सुरुवात मराठी शाळेत शिकलेल्या जवळजवळ प्रत्येकाला आजही पाठ असते. कुठे थांबायचं, हात कधी उंचवायचा, शेवटच्या वाक्याला आवाज किती चढवायचा, याची तालीम होते. वक्तृत्व स्पर्धेला पहिला, दुसरा, तिसरा आणि उत्तेजनार्थ नंबर असतात. पण समोर सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या मुलांना कुणी विचारत नाही, की बाळांनो, आत्ता टाळ्या वाजवल्यात त्या कशाला? मुद्द्याला, आवाजाला, की शेजारच्याने वाजवल्या म्हणून? स्टेजवर एक मूल असतं आणि सतरंजीवर दोनशे. पुढे मतदार मात्र सगळेच होतात.

माझ्या वयाच्या, माझ्यासारखंच इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअरमध्ये आलेल्या लोकांकडे या प्रश्नाला एक तयार उत्तर असतं. 'नुसती भाषणबाजी आहे सगळी. डेटा दाखवा, काम दाखवा.' हे ऐकायला फार समंजस वाटतं. पण जरा विचार करा. एखाद्या तालुक्यात धरणाचं पाणी उसाला द्यायचं, शहराला द्यायचं की कारखान्यांना द्यायचं, हे डेटा ठरवू शकत नाही. किती टीएमसी पाणी आहे एवढंच डेटा सांगेल. कुणाची तहान आधी, हे माणसांनी एकमेकांशी बोलूनच ठरवावं लागतं. बोलणं काढून टाकलं तर त्या जागी डेटा येत नाही, काठी येते. म्हणून राजकारण कळून घ्यायचं असेल तर भाषण हा अभ्यासाचा विषय आहे, असं माझं म्हणणं आहे. संविधान, निवडणूक पद्धत, अर्थसंकल्प यांच्याइतकाच महत्त्वाचा.

पण मग लगेच एक नैतिक अडचण उभी राहते. बोलून समोरच्याचं मन वळवणं ही मुळात फसवणूकच नाही का? आणि तसं असेल, तर त्या कलेचा अभ्यास करणं म्हणजे खिसे कापायचं प्रशिक्षण घेणं झालं!

स्वयंपाकी आणि डॉक्टर

हा आरोप जुना आहे. प्लेटोच्या 'गॉर्गिअस' या संवादात सॉक्रेटिस वक्तृत्वाची तुलना चविष्ट पदार्थ बनवणाऱ्या स्वयंपाक्याशी करतो. लहान मुलांच्या पंचायतीपुढे डॉक्टर आणि स्वयंपाकी उभे राहिले, तर मुलं कुणाच्या बाजूने मत देतील? एक कडू औषध देतो, दुसरा गोडधोड. डॉक्टर हरणारच. वक्ता हा असा स्वयंपाकी आहे, हितापेक्षा आवडीचं वाढणारा, असं सॉक्रेटिसचं म्हणणं.

गंमत म्हणजे त्याच संवादात गॉर्गिअस आपल्या भावाची गोष्ट सांगतो. भाऊ डॉक्टर. रोगी औषध घ्यायला किंवा शस्त्रक्रिया करून घ्यायला तयार होत नसे, तेव्हा भावाची विद्या तिथे थांबायची आणि गॉर्गिअस नुसत्या बोलण्याने रोग्याला तयार करायचा. म्हणजे हीच कला डॉक्टरच्या विरोधातही वापरता येते आणि डॉक्टरच्या बाजूनेही. पुढे अ‍ॅरिस्टॉटलने हाच धागा पकडला. सत्याची बाजू मांडणारा नीट बोलला नाही तर सत्यही हरतं, आणि समोरचा शब्दांनी अन्याय करत असेल तर तो ओळखून खोडण्यासाठी ही विद्या यायला हवी, असं त्याचं मत. 'बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं' असं आपल्याकडे म्हणतात. अ‍ॅरिस्टॉटलला काळजी होती ती त्या सोन्याची.

हे झालं तत्त्व. पण या प्रश्नाचा खरा कस लागतो तो माणसांचे जीव पणाला लागतात तेव्हा. तशी एक सभा इतिहासात नोंदलेली आहे.

एका रात्रीचं अंतर

इ. स. पू. ४२७. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यात युद्ध चालू होतं. लेस्बॉस बेटावरचं मितिलिनी हे शहर अथेन्सचं मित्र होतं. आदल्या वर्षी त्याने बंड केलं आणि आता ते शरण आलं. अथेन्सची सभा रागात होती. तिने ठराव केला: शहरातल्या सगळ्या प्रौढ पुरुषांना ठार मारा, बायका-मुलांना गुलाम करा. ठराव घेऊन एक जहाज त्याच दिवशी निघालं. तिथला अथेन्सचा सेनापती होता पाकेस. हुकमाची अंमलबजावणी त्याने करायची होती.

दुसऱ्या दिवशी लोकांना चुटपुट लागली. ज्यांनी बंड केलं त्यांच्याबरोबर अख्खं शहर मारायचं, हे जरा अतीच नाही का? पुन्हा सभा भरली. थ्युसिडिडीस या इतिहासकाराने त्या सभेतली दोन भाषणं आपल्या शब्दांत दिली आहेत. एक क्लिऑनचं, दुसरं डायोडोटसचं.

आधी क्लिऑन काय म्हणतो ते पाहू. तो सुरुवातीलाच लोकांना झापतो. तुम्ही सभेला येता ते तमाशा बघायला आल्यासारखे. भाषणांचे प्रेक्षक झाला आहात. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीपेक्षा कानांनी ऐकलेल्या गोड गोष्टीवर तुमचा विश्वास. फार हुशार लोकांपेक्षा साधी माणसं राज्य बरं चालवतात. एकदा ठरलं ते बदलायचं नाही. आणि आता जो कुणी उठून याविरुद्ध बोलेल, त्याला एकतर आपली हुशारी दाखवायची आहे किंवा त्याने पैसे तरी खाल्ले आहेत.

हे वाचून ओळखीचं वाटलं ना? 'मी भाषण करायला आलेलो नाही' असं म्हणून पाऊण तास बोलणारे आपण सगळ्यांनी ऐकलेले आहेत. वक्तृत्वाच्या अभ्यासातून हाती लागणारी पहिली गोष्ट हीच, की वक्तृत्वाला शिव्या घालणं हाही वक्तृत्वाचाच डाव आहे आणि तो फार प्रभावी आहे. 'मी साधा माणूस, मला बोलता येत नाही' असं म्हणणारा माणूस समोरच्या हुशार माणसाचं तोंड आधीच बंद करतो. क्लिऑनने तर पुढचा प्रत्येक वक्ता बोलायच्या आतच लाचखोर ठरवून टाकला. म्हणजे 'भाषणबाजी नको' म्हणणारे माझे मित्र स्वतःला क्लिऑनच्या विरुद्ध बाजूला समजतात, पण नकळत वाक्य त्याचंच बोलतात.

डायोडोटस आधी या सापळ्याला उत्तर देतो. घाई आणि राग हे दोन्ही चांगल्या सल्ल्याचे शत्रू आहेत, असं तो सांगतो. विरोध करणाऱ्यावर लाचेचा संशय घेतला की चांगला सल्ला देणारेही घाबरून गप्प बसतात आणि तोटा शहराचा होतो. मग तो मूळ प्रश्नावर येतो आणि इथे श्रोत्यांना धक्का बसला असणार. तो दयेची भीक मागत नाही. मितिलिनीचे लोक निर्दोष आहेत, असंही म्हणत नाही. तो म्हणतो, आपण कोर्टात बसलेलो नाही. त्यांनी काय केलं हा आपल्यापुढचा प्रश्न नाही, उद्या आपल्या फायद्याचं काय आहे हा आहे. मृत्यूची शिक्षा असूनही माणसं गुन्हे करतातच. शरण आल्यावरही मरणच मिळणार असेल, तर पुढचं बंडखोर शहर शेवटच्या माणसापर्यंत लढेल, आपला खर्च वाढेल आणि हाती उद्ध्वस्त शहर येईल. शिवाय सगळीकडची सामान्य जनता आज आपल्या बाजूची आहे. तिलाही मारलं तर ती शत्रूच्या गोटात जाईल.

हात वर करून मतदान झालं. जवळजवळ बरोबरीत. डायोडोटस थोडक्यात जिंकला.

लगेच दुसरं जहाज निघालं. पहिलं जहाज साधारण एक दिवस आणि एक रात्र पुढे होतं. अथेन्समध्ये असलेल्या मितिलिनीच्या वकिलांनी वल्हवणाऱ्यांना दारू आणि सातूचं पीठ दिलं, वेळेत पोचलात तर मोठं बक्षीस देऊ असं कबूल केलं. दारूत आणि तेलात कालवलेलं पीठ ते वल्ही मारता मारताच खात होते, पाळीपाळीने झोपत होते. नशिबाने वारा आडवा आला नाही. आणि पहिल्या जहाजावरच्या लोकांना आपल्या कामाची घाई नव्हती, असलं काम करायला कुणाचे हात भराभर चालतील? पाकेसने हुकूम वाचला होता, अंमलबजावणी सुरू होणार होती, तेवढ्यात दुसरं जहाज बंदराला लागलं.

शहर वाचलं. पण सगळं नाही. बंडाचे सूत्रधार म्हणून अथेन्सला पाठवलेल्या माणसांना क्लिऑनच्याच प्रस्तावावरून मारण्यात आलं, आणि थ्युसिडिडीस तो आकडा हजाराहून थोडा जास्त देतो. चांगलं भाषण चमत्कार करत नाही, एवढं यातून कळावं.

व्याकरण पाहा

या दोन भाषणांमधून राजकारण समजून घेण्याची एक किल्ली मिळते. भाषणं मुख्यतः तीन प्रकारची, असं अ‍ॅरिस्टॉटलने पुढे मांडलं. कोर्टातलं भाषण भूतकाळाबद्दल असतं: कुणी काय केलं, दोषी कोण. समारंभातलं भाषण वर्तमानाबद्दल: कोण थोर, कोण नीच. आणि सभेतलं, म्हणजे खरं राजकीय भाषण, भविष्याबद्दल: आता करायचं काय. क्लिऑनने सभेला कोर्ट बनवलं होतं. डायोडोटसने तिला पुन्हा सभा केलं.

पुढच्या वेळी कुठलीही प्रचारसभा ऐकताना हा एकच प्रश्न विचारून पाहा. यातलं किती बोलणं भूतकाळावर खर्च झालं, किती गौरवावर आणि निंदेवर, आणि आपण मत देतो आहोत त्या पुढच्या पाच वर्षांच्या वाट्याला किती मिनिटं आली? पक्ष कुठलाही असो, ही मोजदाद करून पाहण्यासारखी आहे.

दुसरी किल्ली आपल्या भाषेतच आहे. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन वेगळे शब्द आहेत. 'आम्ही'मध्ये ऐकणारा नसतो, 'आपण'मध्ये असतो. इंग्रजीला किंवा हिंदीला ही सोय नाही. त्यामुळे मराठी भाषण ऐकताना सर्वनामांवर नुसती नजर ठेवली तरी बरंच काही दिसतं. 'आम्ही पूल बांधला', पण 'आपल्याला थोडी कळ सोसावी लागेल'. श्रेय घेताना 'आम्ही', झळ सोसताना 'आपण'. उलटही होतं. 'आपण' म्हणताना वक्ता हाताने जी गोल रेघ काढतो, तिच्याबाहेर कोण राहिलं? सभेच्या कडेला उभे असलेले कोण? हे विचारलं की अनेक गोड भाषणं एकदम थंड लागू लागतात.

तिसरी किल्ली क्रियापदात. 'काही चुका झाल्या', 'काम राहून गेलं', 'निधी वळवण्यात आला'. कर्ता गायब! आमच्या कामात एखादी सिस्टीम रात्रीत बंद पडली की दुसऱ्या दिवशी रिपोर्ट लिहावा लागतो, आणि त्यात 'सेटिंग बदललं गेलं' असं वाक्य आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कशामुळे, कुणाकडून, आणि तसं बदलता आलंच कसं? यात कुणाला फासावर द्यायचं नसतं. कर्ता कळला नाही तर दुरुस्ती होत नाही, इतकंच. सार्वजनिक कामांबद्दल ऐकतानाही हाच प्रश्न विचारायला हरकत नसावी.

पण मग सगळंच डाव आहे का?

इथे एक धोका आहे, आणि तो खरा आहे. ही सगळी कुलपं-किल्ल्या हातात आल्या की माणूस कोरडा होतो. प्रत्येक भाषणात त्याला फक्त तंत्र दिसतं. डोळ्यांत पाणी आलं तरी तो म्हणतो, 'बघ, कसं खेळवतोय.' हा शहाणपणाचा दिखावा आहे. तबला कळणाऱ्याला मैफल कमी आवडत नाही, जास्त आवडते. शिवाय भावना जागी होणं म्हणजे फसणं नव्हे. अन्यायाबद्दल ऐकून ज्याला राग येत नाही, त्याला अन्याय कळलाच नाही असं म्हणावं लागेल. प्रश्न एवढाच, की भावना मुद्द्यातून आली की मुद्दा लपवायला आणली गेली.

आणखी एक गोष्ट. कुणाचं बोलणं 'विचार' ठरतं आणि कुणाचं 'आरडाओरडा', हे आपल्याकडे पुष्कळदा उच्चारावरून ठरतं. 'न'चा 'ण' आणि 'ण'चा 'न' झाला की श्रोते हसतात आणि मुद्दा हसण्यात वाहून जातो. फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिताना बहुतेक मजकूर धोंडिबा आणि जोतीराव यांच्या प्रश्नोत्तरांत घातला. पुढे सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी राजकारण लोकांच्या बोलीत, गाण्यात आणि विनोदात आणलं. हेही वक्तृत्वच, फक्त स्पर्धेच्या करंडकाला न मावणारं. भाषणाचा अभ्यास म्हणजे प्रमाण भाषेतल्या भारदस्त भाषणांचा अभ्यास, असं समजलो तर आपण निम्मं राजकारण ऐकणारच नाही.

एका बाबतीत मात्र अथेन्सचा श्रोता आपल्यापेक्षा सुदैवी होता. त्याने क्लिऑनला आणि डायोडोटसला एकाच दिवशी, एकाच जागी, सलग ऐकलं. आपण तीस सेकंदांची क्लिप ऐकतो, खाली ठळक अक्षरं, मागे ढोल. माझ्या फोनवर क्लिऑन येतो, तुमच्या फोनवर डायोडोटस, आणि आपण दोघं एकमेकांना मूर्ख समजतो. मी ज्या क्षेत्रात काम करतो तिथे बटणावरचे दोन शब्द बदलून किती लोक जास्त दाबतात हे मोजलं जातं. एका गटाला एक शब्द दाखवायचा, दुसऱ्याला दुसरा. बूट विकायला हे ठीक आहे. पण प्रत्येकाला त्याच्या आवडीचंच वाक्य मिळत असेल, तर प्लेटोची ती मुलांची पंचायत आणि आपला फोन यात फरक काय राहिला? यावर उपाय कंटाळवाणा आहे: ज्याचा राग येतो त्याचं एक तरी भाषण पूर्ण ऐकायचं, शक्य तर लिखित वाचायचं. कागदावर टाळ्या ऐकू येत नाहीत.

जिंकणारा मुद्दा आणि खरा मुद्दा

आता मघाचा नैतिक प्रश्न. लोकांना दया वाटली म्हणून सभा पुन्हा भरली, आणि डायोडोटस मात्र फायद्याचं बोलला. हे योग्य होतं का? त्याच्याच भाषणात एक अस्वस्थ करणारं वाक्य आहे. संशयाने इतकं बरबटलेलं वातावरण आहे, की चांगला सल्ला देणाऱ्यालाही लोकांना पटण्यासाठी खोटं बोलावं लागतं, अशा अर्थाचं. माझं मत असं, की त्याने खोटं सांगितलं नाही. जे मुद्दे त्या सभेत टिकतील ते निवडले. श्रोत्याला समजेल असा मुद्दा निवडणं आणि श्रोत्याला फसवणं यात फरक आहे, आणि हजारो जीव टांगणीला असताना तो फरक पुरेसा आहे.

पण त्याची किंमत होती. अकरा वर्षांनी, इ. स. पू. ४१६ मध्ये, अथेन्सने मेलॉस या छोट्या बेटाला वेढा घातला. त्याआधीच्या वाटाघाटीत अथेन्सचे दूत स्पष्टच म्हणाले, न्यायाचं बोलू नका, कुणाच्या फायद्याचं काय तेवढं बोला. मेलॉस शरण आल्यावर तिथल्या प्रौढ पुरुषांना मारलं गेलं, बायका-मुलांना गुलाम केलं गेलं. एका शहराला वाचवणारी भाषा दुसऱ्या शहराला वाचवू शकली नाही. सभेला फक्त फायद्याची सवय लावली, की ज्या दिवशी फायदा उलट बाजूला असेल त्या दिवशी तुमच्याकडे बोलायला शब्दच उरत नाहीत.

म्हणून मला २५ नोव्हेंबर १९४९चं भाषण महत्त्वाचं वाटतं. संविधान सभेतलं डॉ. आंबेडकरांचं ते समारोपाचं भाषण. त्यात ते श्रेय बी. एन. राव, एस. एन. मुखर्जी यांना वाटून देतात. कामथ, पंजाबराव देशमुख, के. टी. शाह अशा सतत विरोध करणाऱ्या सदस्यांची नावं घेऊन त्यांचे आभार मानतात, कारण त्यांच्यामुळे तत्त्वं मांडायची संधी मिळाली. क्लिऑनने विरोधकाला लाचखोर म्हटलं होतं, हे आठवून पाहा. पुढे ते राजकारणातल्या भक्तीविरुद्ध सावध करतात: कितीही थोर माणूस असो, त्याच्या पायाशी आपलं स्वातंत्र्य ठेवू नका. आणि ज्या दिवशी सगळे उत्सवाच्या मनःस्थितीत असतील, त्या २६ जानेवारी १९५०ला आपण एका विसंगतीत पाऊल टाकणार आहोत, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक आयुष्यात विषमता, असं बजावतात. प्रसंग समारंभाचा होता. ते बोलले भविष्याबद्दल. फायद्याचा मुद्दाही त्यात आहे, ही विसंगती वेळीच दूर केली नाही तर लोकशाहीचा डोलारा कोसळेल असा. पण तो न्यायाच्या जागी आलेला नाही, न्यायाच्या शेजारी उभा आहे.

यातून मला एक कसोटी सापडते. भाषण संपल्यावर श्रोत्याची स्वतः ठरवण्याची ताकद वाढली की कमी झाली? वक्त्याने मला विरोधकाचा मुद्दा ऐकण्याजोगा ठेवला का? उद्या सकाळी माझं मत बदललं तर परत यायला रस्ता ठेवला का? आवाज, विनोद, यमक, अश्रू, सगळं वापरा. पण या तीन प्रश्नांना 'नाही' असं उत्तर येत असेल, तर ते भाषण कितीही देखणं असो, ते आपल्याला नागरिकाऐवजी प्रेक्षक करतं आहे.

मितिलिनीच्या वेळी अथेन्सकडे दुसरी सभा होती, म्हणून दुसरं जहाज निघू शकलं. मेलॉसच्या हकिकतीत दुसऱ्या सभेचा उल्लेख नाही. वक्ते तेव्हाही होतेच, अथेन्समध्ये त्यांचा तुटवडा कधीच नव्हता. रात्रभर चुटपुट लागून सकाळी पुन्हा जमणारे श्रोते नव्हते.